यमुनाचा राहिलेला प्रश्न

यमुना काळे गेली ही बातमी मला मोबाइलवर कळली, आणि तीही एका लालभडक गुलाबाखाली. आमचा निवृत्त शिक्षकांचा एक ग्रुप आहे. त्यात पहाटेपासून शुभेच्छांचा रतीब सुरू होतो. त्या दिवशी गुलाबाखाली गुडघेदुखीवर मेथीचा उपाय होता, मेथीखाली 'आपल्या यमुना मॅडम काल अपघातात गेल्या', आणि त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांगच रांग. एका माजी मुख्याध्यापकांनी मेथीला द्यायचा अंगठा यमुनाच्या मरणाला दिला. तो त्यांनी अजून काढलेला नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं... मग तशीच उठले, रिक्षा केली आणि मुकुंदवाडी गाठली. कोथिंबीर आणायला म्हणून जालना रोड ओलांडत होती, उलट्या बाजूनं आलेल्या मोटारसायकलनं उडवलं. अचानक माणूस गेलेल्या घरांतून जी बाई आयुष्यभर फिरली, तिच्याच घरी आता तेच झालं होतं. स्मशानात कुणीतरी याला 'नियतीचा खेळ' म्हटल्याचं मागाहून कळलं. नियतीला दुसरे उद्योग नसावेत.

घरात नलूताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नलूताई म्हणजे यमुनाची थोरली बहीण. नवऱ्याच्या माघारी यमुनाकडं राहायला आल्या त्या कायमच्याच. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दोघी बहिणींचं एक दिवस पटलं नाही, हे मी चाळीस वर्षं डोळ्यांनी पाहिलंय. चहात साखर जास्त पडली तरी दोन दिवस अबोला. त्या नलूताई बायकांच्या गराड्यात बसून म्हणत होत्या, "लई गुणाची होती हो माझी यमी. कधी वावगं बोलली नाय." आणि गराडा माना डोलवत होता. कधी वावगं बोलली नाय! यमुना! मला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण मयताच्या घरी ओरडायची सोय नसते, फक्त खोटं बोलायची असते.

तेराव्यानंतर शोकसभा झाली. सभागृहाच्या दारात हा एवढा मोठा फ्लेक्स, त्यावर 'कै. डॉ. कु. यमुना काळे'. सत्तरी ओलांडलेल्या बाईला 'कु.' लावणाऱ्याची कीव करून मी पुढं निघाले, आणि मग 'डॉ.' दिसलं. यमुना डॉक्टर नव्हती. आयुष्यात जी पदवी मिळाली नाही ती फ्लेक्सवाल्यानं चौरस फुटाच्या भावात देऊन टाकली होती. ज्यांच्यामुळं ती डॉक्टर झाली नाही, ते तिचे मार्गदर्शक सर पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. नव्वदीला टेकलेत, पण माइक दिसला की पाठ ताठ होते. ते बोलायला उठले आणि 'माझी सर्वांत लाडकी विद्यार्थिनी' इथपासून सुरुवात केली. मग शोकाचे टप्पे सांगितले. आधी नकार, मग राग, मग अमुक, मग तमुक, आणि शेवटी स्वीकार, असं बोटं दुमडत दुमडत. मुकुंदवाडी, औरंगाबाद, दौलताबाद अशी स्टेशनं घ्यावीत तसं. मधेच उतरायचं नाही, माघारी फिरायचं नाही. सभागृहात लोक वहीत उतरवून घेत होते. यमुना असती तर उठून पंखा बंद करून आली असती. दुसऱ्याच्या भाषणात पंखा बंद करणं ही तिची निषेधाची पद्धत होती.

मी चार वाक्यं बोलले आणि खाली बसले. बाहेर पडताना एका तरुण बातमीदारानं गाठलं. "मॅडमच्या स्वतःच्या आयुष्यात अशी काही दुःखद घटना होती का? म्हणजे माणूस गेलेल्या घरांत जायच्या या कामाकडं त्या कशा वळल्या?" मी म्हटलं, नव्हती. त्याचा चेहरा पडला. "काहीच नाही?" "काही नाही. आईवडील म्हातारे होऊन गेले. प्रेमभंगसुद्धा नाही." त्यानं पेन खिशात ठेवलं. त्याच वेळी मागून एक बाई आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "रेहानाबाई, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" मी उभी हयात या जिल्ह्यातल्या पोरांना मराठी शिकवत आले. जन्म फुलंब्रीचा. मी त्यांना म्हटलं, तुमचंही बरं आहे.

तर आता यमुनाबद्दल. तिची नि माझी ओळख झाली त्याला कारण माझा नवरा मेला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सलीम फुलंब्रीजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती. एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न खुलताबादला होतं, म्हणून शाळेतले शिक्षक मिळून भाड्याच्या मेटाडोरनं निघाले आणि चढावरच्या एका वळणावर गाडी उलटली. निम्मी शाळा गेली. हिंदू गेले, मुसलमान गेले, मुख्याध्यापक गेले, घंटा वाजवणारा गेला. सलीमचं घर खुलताबादलाच. लग्नाला म्हणून निघालेला माणूस घरी आला तो चादरीतून आला, आणि मी सासरच्या मधल्या खोलीत इद्दतला बसले.

इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं. उंबरा ओलांडायचा नाही, रंगीत कपडा नाही, अत्तर नाही, दागिना नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मला तेव्हा त्यातलं काही जाचायचं आणि काही बरंही वाटायचं, कारण बाहेर जाऊन तरी काय करणार होते. खरा जाच भेटायला येणाऱ्यांचा होता. येणारी प्रत्येक बाई सलीमला फरिश्ता करून जायची. काय त्याचा स्वभाव, काय त्याची नमाज, काय त्याचं बोलणं! सलीम दिवसातून जेमतेम दहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली आठ जेवणात मीठ कमी असल्याची. पण दोन महिन्यांत या बायकांनी त्याला इतका गुळगुळीत घासला की माझ्याच डोळ्यांसमोर त्याचा चेहरा येईना. मी रडत होते ती कुणासाठी, तेच कळेनासं झालं होतं. सासूबाई, आमच्या अम्मी, तर बोलायच्याच बंद झाल्या होत्या. तसबीहचे मणी फिरवत बसायच्या.

अशात एक दिवस यमुना आली. विद्यापीठातून आलेय म्हणाली, अपघातातल्या कुटुंबांवर संशोधन करतेय, पीएच.डी. आहे. खांद्याला शबनम, हातात छापील कागद, तोंडात पेन्सिल. पेन्सिल चावायची तिला घाण सवय होती. मागचं टोक ओलं करून तेच समोरच्याला द्यायची. आली ती दार सताड उघडं टाकून. यमुनानं आयुष्यात कुठलं दार लावलं नाही. मागून शेजारची बकरी आत शिरली आणि अम्मींनी निवडून ठेवलेली मेथी खाऊन गेली. बाईचं तिकडं लक्षच नाही. ती आपली कागदावरचं वाचतेय, "आपणांस गृहाबाहेर जाण्याची अनिच्छा वाटते काय? नेहमी, कधी कधी, क्वचित, की कधीच नाही?" परदेशातून आणलेली प्रश्नावली, सरांनी स्वतः मराठीत केलेली. पुढं जन्मभर मराठी शिकवणारी मी, पण मला एकेक प्रश्न दोनदा ऐकावा लागत होता.

गृहाबाहेर जाण्याची अनिच्छा? मी म्हटलं, नेहमी. आप्तेष्टांच्या समारंभांत भाग घेणे टाळता? नेहमी. सुंदर वस्त्रे, अलंकार, सुगंध यांविषयीची रुची लोपली आहे? नेहमी. परक्या व्यक्तींसमोर येणे टाळता? नेहमी. ती मान खाली घालून खुणा करत होती. अम्मींनी पलीकडून विचारलं, "क्या पूछ री ये?" मी म्हटलं, "मालूम नहीं अम्मी, सरकारी काम होगा." मला वाटलं, बाई औरंगाबादची आहे, तिला हे सगळं ठाऊक असणारच, उगाच कागद भरायचा म्हणून विचारतेय. यमुना गुलमंडीच्या बाजूला वाढलेली. शेजारी मुसलमानांची घरं. दर ईदला वाटीभर शीरखुर्मा मागून खाल्लेला. पण शेजारच्या खाला नवरा गेल्यावर चार महिने दिसल्या का नाहीत, हे तिनं जन्मात विचारलं नव्हतं. आपल्या शहरात लोक पिढ्यान् पिढ्या असे शेजारी राहतात. एकमेकांची बिर्याणी माहीत, पुरणपोळी माहीत, बाकी सगळा अंधार.

माझे गुण सगळ्यांत जास्त आले. म्हणजे त्या प्रश्नावलीच्या हिशेबानं मी सगळ्यांत आजारी. माझ्या खालोखाल फुलंब्रीच्या मुख्याध्यापकांच्या बायको. त्यांच्याकडं सांत्वनाला माणूस आलं की दारातच गळ्यात पडून मोठ्यानं रडायची रीत. आलेली बाई हंबरडा फोडणार, घरच्या बाईनं साथ द्यायची, मग दोघी डोळे पुसून चहा पिणार. यमुनानं विचारलं, दिवसातून किती वेळा रडता? त्या म्हणाल्या, "येतील तितक्या येळा. काल लई पाहुणे झाले बाई, घसा बसला." तेही यमुनानं इमानेइतबारे लिहून घेतलं. सर खूश. एवढा 'तीव्र विकृत शोक' आपल्याच जिल्ह्यात, चहा प्यायच्या अंतरावर सापडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सहा महिने होऊन गेल्यावर यमुना दुसऱ्या फेरीला आली. तोवर माझी इद्दत संपली होती. डी.एड. झालेलं होतं, सलीमच्या जागी नोकरी मिळावी म्हणून मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते. निळी साडी नेसून, पायात नव्या चपला. घराबाहेर जाणं टाळता? कधीच नाही. परक्यांसमोर येणं? रोजच. माझे गुण धाडकन खाली. सरांनी पुढं याचाही अर्थ लावला, तो म्हणजे आमच्या मुलाखतीचा उपचारात्मक परिणाम. प्रश्न विचारले आणि बाई बरी झाली! हे ऐकल्यापासून विद्वान माणसाला काहीही सुचू शकतं यावर माझा पक्का विश्वास बसला. यमुना मात्र खुणा करता करता थांबली. पेन्सिल तोंडातून काढली आणि म्हणाली, "रेहानाबाई, खरं सांगा, तुम्ही एवढ्या लवकर बऱ्या कशा झालात?"

"बरी?" मी म्हटलं. "बाई, इद्दत संपली माझी."

"म्हणजे?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. मग तिला सगळं सांगितलं, पहिलीतल्या पोराला बाराखडी सांगावी तसं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला, आणि मला हसू फुटलं. सलीम गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते या बाईच्या अडाणीपणाला. हसता हसता हेही सांगितलं की तुमच्या कागदावर मी ठणठणीत आहे, पण रोज संध्याकाळी घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी पाय उचलत नाहीत, कारण घरात एक फरिश्ता मेलेला आहे आणि माझा नवरा कुठं गेला ते कुणी सांगत नाही... यमुनानं कागद गोळा केले, शबनममध्ये कोंबले. सॉरी म्हटलं नाही. ते तिनं कधीच कुणाला म्हटलं नाही. उठली, दाराशी गेली, चपला घातल्या आणि वळली.

"एक प्रश्न राहिलाय."

"अजून?"

"कागदावरचा नाही. त्यांची कुठली खोड तुम्हाला अजिबात सहन व्हायची नाही?"

मला वाटलं, हिला वेड लागलं. अम्मी तसबीह थांबवून म्हणाल्या, "तौबा! मेरे बच्चे में कोई ऐब नहीं था." यमुना दाराशी तशीच उभी. मग अम्मीच पुटपुटल्या, "हौ... चपलां घसीट को चलता था. कित्ता बोली मैं, पाँव उठा को चल, पाँव उठा को चल. पूरी गल्ली जाग जाती थी." माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि बोटं मोडायचा. रात्री झोपताना दहाच्या दहा बोटं, एकेक करून, कडाकडा. माझं डोकं उठायचं." "मूली कच्ची खाता था," अम्मी म्हणाल्या, "फिर सबके बीच में डकारां!" मग आम्हा सासूसुनेला जो जोर चढला... मिठावरून केलेले तमाशे, ओला टॉवेल, माझ्या माहेरच्यांच्या नकला, सगळं निघालं. अम्मी हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. मी दोन्ही करत होते. एवढे महिने त्या घरात सलीम मेलेलाच होता. त्या दुपारी तो चपला घासत आत आला, आणि मग तो गेला म्हणून मी नीट, पोटभर रडले. रडून झाल्यावर बघितलं तर यमुना निघून गेली होती. दार उघडंच. बकरी आत.

पुढचं यमुनानंच मला सांगितलं, संतापानं थरथरत. तिनं सरांना जाऊन सांगितलं की हे गुण चुकले आहेत, आपण रिवाजाला आजार म्हटलंय. सर म्हणाले, "प्रथा वगैरे तळटीपेत टाक." ती म्हणाली, "त्या काढल्या तर वर काय उरतं, सर?" सरांनी त्याआधीच सगळ्या बायकांच्या नावांनिशी अहवाल शिक्षण खात्याला द्यायचं कबूल केलं होतं. आपली विद्वत्ता मुंबईपर्यंत पोचावी म्हणून. त्या अहवालात मी 'तीव्र विकृत शोक' होते, आणि त्याच खात्यात माझा नोकरीचा अर्ज पडून होता. पोरांपुढं उभं करायची बाई, तिच्या नावापुढं हे! यमुनानं ते प्रकरणच प्रबंधातून काढलं, भरलेले कागद घरी नेले आणि नलूताईंच्या बंबात घातले. सर म्हणाले, मग तुझी पदवी विसर. ती म्हणाली, विसरले. मला नोकरी मिळाली. ती जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्राच्या तासिका घेत राहिली, आणि मी हळवी होऊन काही बोलायला लागले की म्हणायची, "तुझ्या नोकरीनं माझी डॉक्टरकी खाल्ली, आता चहा तरी बरा कर." तो चहा मग बशीत ओतून फुर्र करून प्यायची. मला किळस यायची, अजूनही येते.

तेव्हापासून ती घरोघर जाऊ लागली. कुणाचा मुलगा विहिरीत गेला, कुणाची बायको स्टोव्हनं भाजून गेली, कुणाचा भाऊ यंत्रात सापडला. ती दहाव्याला जायची नाही, चाळिसाव्याला जायची नाही. लोकांचं येणं आटलं, सांत्वनाचे फरसाणाचे पुडे संपले, की मग ही उगवायची. 'सांत्वन' हा शब्द काढला तरी तिचं तोंड कडू व्हायचं. "रडायला सगळे येतात गं," म्हणायची, "मेलेल्यावर चिडायला कुणी सोबत करत नाही." आत जाऊन बसायची, इकडचं तिकडचं बोलायची, फुकटचा चहा प्यायची, निघताना दाराशी वळायची. एक प्रश्न राहिलाय. सगळीकडं ते जमायचं असं मुळीच नाही. मुलगी गमावलेल्या एका बापानं तिच्या अंगावर तांब्याभर पाणी फेकलं होतं. तशीच निथळत माझ्याकडं आली, माझी कोरडी साडी नेसली, जी तिनं कधी परत केली नाही, आणि म्हणाली, "बरोबर केलं त्यानं. लेकरांचं इतक्यात विचारायचं नसतं. मीच गाढव." आपल्या कामाबद्दल एवढ्या तुच्छतेनं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तिला कुणी 'शोकतज्ज्ञ' म्हटलं तर ती विचारायची, म्हणजे पगारी रडणारी का?

असं हे ध्यान. छत्री नेणार, आणणार नाही. दुसऱ्याच्या घरचे पंखे बंद करणार. गोष्ट सांगायला घेतली की शेवट आधी सांगणार. माझ्यावर चाळीस वर्षं दादागिरी केली, आणि माझ्यावर तिच्याइतकी माया माझ्या रक्ताच्या माणसांनीही केली नाही. ती नाही तर मला दुपार सरत नाही. हे मी सभेत बोलले नाही, कारण समोर सर बसले होते, आणि त्यांनी त्याला कुठला तरी टप्पा म्हटलं असतं.

परवा मुकुंदवाडीला गेले. यमुना गेल्याला आता बरेच आठवडे झालेत. दारात चपला नव्हत्या. नलूताई त्याच भिंतीला टेकून तशाच, फक्त भोवती कुणी नाही. समोर एक छापील कागद. सरांच्या शिष्यांनी हल्ली एक शोक-सहाय्य केंद्र काढलंय, त्यांचे दोन पोरगे देऊन गेले म्हणे. मी उचलून बघितला. 'आपणांस गृहाबाहेर जाण्याची अनिच्छा वाटते काय?' तेच मराठी! एका वेलांटीचा फरक नाही. गुडघ्यांमुळं दोन वर्षं उंबरा न ओलांडलेल्या बाईला विचारताहेत, गृहाबाहेर जाण्याची अनिच्छा वाटते काय.

"काय लिहू गं यात?" नलूताई म्हणाल्या. आवाज पार खोल गेलेला. "लई गुणाची होती बघ यमी. देवमाणूस होती. मला तर आताशा तिचं तोंडच आठवंना झालंय..."

मी कागदाची घडी केली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. चहा केला, दोघी प्यालो. नलूताई दोन घोट घेऊन थांबल्या. मी उठले, दाराशी गेले, चपला घातल्या. मग वळले आणि म्हटलंच.

"नलूताई, एक प्रश्न राहिलाय."

त्यांनी मान वर केली. हे शब्द त्या घरात नवे नव्हते.

"तिची कुठली खोड तुम्हाला अजिबात सहन व्हायची नाही?"

"नाय गं बाई. मेल्या माणसाचं असं..." त्यांनी उरलेला चहा बाजूला सारला. मी उभीच होते. बाहेर एक मालगाडी गेली. मग त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. "दार," त्या म्हणाल्या. "दार लावायची नाय सटवी! परकरात होती तवापासून सांगतेय, यमे, जाताना दार लाव, यमे, कडी घाल. लावलं का कधी? कुत्री येत्यात, मांजरं येत्यात, समदं दूध सांडून जात्यात. माझे गुडघे असले, आणि दर येळी मीच उठायचं, मीच कडी लावायची! त्या दिवशी बी... कोथिंबीर आणते म्हणाली आणि गेली तशीच, दार सताड टाकून. मी इथून किती शिव्या घातल्या तिला. म्हटलं, येऊ दे आता, बघते तुला..." तोंडात पदर कोंबून त्या रडू लागल्या, आणि रडता रडता यमुनाला आणखी दोन शिव्या हासडल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मीही माझ्या दोन घातल्या, छत्रीच्या आणि साडीच्या.

निघाले तेव्हा ऊन कलत आलं होतं. मी चार पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आले असेन, तोच आतून खणखणीत आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"अगं ए रेहाना! दार कोण लावणार, तुझा बाप व्हय?"

मी वळले नाही. आत टेबल सरकल्याचा आवाज झाला. नलूताई कुरकुरत, माझा नि यमुनाचा एकत्र उद्धार करत, एकेक पाऊल टाकत दाराशी आल्या, आणि त्यांनी कडी लावली.